घरच्या बिघाडांची वही

आमच्या घरात बिघाडांची एक वही आहे. ही कल्पना माझी नाही, मला एवढा वेळ कधीच नव्हता. ती आमच्या ह्यांची.

हे नेटवर्क सांभाळतात. म्हणजे मोठ्या कंपन्यांची मशिनं एकमेकांशी बोलती ठेवायची, आणि बोलणं बंद पडलं की कुठे, का, किती वाजता, ते शोधून काढायचं. घरातल्या दोन माणसांचं बोलणं बंद पडलं तर मात्र ह्यांना तीन दिवस पत्ता लागत नाही. अकरा वर्षं त्यांनी हे काम आठ तासांच्या प्रवासावरच्या शहरात केलं, कारण तेव्हा आमच्या शहरात असल्या कामाला कुत्रं विचारत नव्हतं. इथे कॉम्प्युटरवाला म्हणजे झेरॉक्सच्या दुकानातला माणूस. हे महिन्यातून एकदा यायचे. शनिवारी सकाळी उतरायचे, रविवारी संध्याकाळी निघायचे.

पहिल्याच वर्षी एका शनिवारी मी त्यांना दारातच गाठलं. नळ गळतोय, फ्रिज आवाज करतोय, लेकीला दोन दिवस ताप होता, वरच्या मजल्यावरचे पाणी सोडून गावाला गेलेत. त्यांनी अजून बूटही काढले नव्हते.

"थांब, थांब," ते म्हणाले. "असं नाही. आमच्या कंट्रोल रूममध्ये जाणारा येणाऱ्याला वहीतून सगळं वाचून दाखवतो. येणाऱ्याने सही केल्याशिवाय जाणाऱ्याने खुर्ची सोडायची नाही. तू पण लिहीत जा. मी आलो की वाचून दाखव, मी सही करतो."

पुढच्या खेपेला ते डझनभर जाड वह्या घेऊन आले. खाकी पुठ्ठा, पाठीला लाल कापड. सहा स्वतःला ठेवल्या, सहा मला दिल्या. नवरे काय काय आणतात बायकोसाठी! रकानेही त्यांनीच पट्टीने आखले: तारीख, काय झालं, किती वाजता कळलं, कारण, तात्पुरता उपाय, कायमचा उपाय, सही.

पहिल्या पानावर मी कारणाच्या रकान्यात तीनदा "हे" असं लिहिलं. त्यांना ते लागलं.

"कारणात माणूस लिहायचा नसतो," ते म्हणाले. "सक्त नियम आहे आमच्यात. बिघाड शोधायचा, गुन्हेगार नाही. एकदा नावं लिहायला लागलं की लोक लपवायला लागतात."

"बरं," मी म्हटलं, आणि तेव्हापासून लिहायला लागले, "घरी माणूस नाही." त्यात नाव कुठे आहे? नियमात अगदी चपखल बसतं. त्यांनी वाचलं आणि सही केली.

अशा सह्या त्यांनी अकरा वर्षं केल्या. लेक सायकलवरून पडली, मनगट मोडलं, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी कळलं. कारण: घरी माणूस नाही, म्हणून सायकल शेजारच्या मुलाने शिकवली. तात्पुरता उपाय: प्लास्टर. लेकीचं शाळेतलं नाटक. तात्पुरता उपाय: फोनवरून दाखवलं, आवाज तुटत होता, तरी त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि त्या नाटक संपल्यावर अर्ध्या मिनिटाने ऐकू आल्या. कायमचा उपाय ह्या रकान्यात अशा ठिकाणी मी काही लिहीत नसे. काय लिहिणार? तो कोराच राहायचा.

मधल्या काळात आमचं शहर मात्र अंगात आल्यासारखं बदललं. बाहेरच्या रस्त्यावर बर्फाच्या कारखान्याच्या जागी काचेची इमारत उभी राहिली, मग तिच्या शेजारी दुसरी. शिंप्याच्या माडीवर "सहा महिन्यांत क्लाउड शिका" अशी पाटी लागली आणि शिंप्याने स्वतःच पहिला प्रवेश घेतला. ज्यांची मुलं बाहेर गेली होती, त्यांची एकेक करून परत यायला लागली. जिने चढताना मी लोकांच्या दाराबाहेरचे बूट मोजायची. वाढले होते.

आम्हीच तेवढे मागे राहिलो. ह्यांनी इथे दोन ठिकाणी अर्ज केले. एका ठिकाणी वय जास्त झालं म्हणाले. सेहेचाळीस म्हणजे काय म्हातारपण आहे? दुसरीकडे म्हणाले, तुम्हाला जुन्या मशिनांच्या पेट्या कळतात, नवं क्लाउडचं कळत नाही. ते मात्र ह्यांनी मनावर घेतलं. आठ महिने चष्मा लावून अभ्यास केला, लेकीने फोनवरून प्रश्न विचारले, आणि ऑनलाइन परीक्षा पास झाले त्या दिवशी बाप-लेक इतके ओरडले की मला फोन कानापासून लांब धरावा लागला.

आणि मग एका खेपेला हे एक पत्र घेऊन आले. त्यांच्या कंपनीने त्यांना तीन वर्षांसाठी समुद्रापलीकडच्या कामावर नेमलं होतं. वर्षातून एकदा रजा. होकार तीन आठवड्यांनंतरच्या सोमवारच्या आत कळवायचा, नाहीतर राजीनामा द्यायचा. लेक पंधरा वर्षांची. तीन वर्षांनी तीच शिकायला बाहेर पडणार. म्हणजे लेक घरात असताना बाप घरात असणं हा विषयच संपला.

त्या सोमवारच्या आधीच्या गुरुवारी सकाळी अकराला इथेच तिसऱ्या ठिकाणी मुलाखत होती. काचेच्या दुसऱ्या इमारतीत. मुलाखतीच्या पत्रात लिहिलं होतं की आजवर सोडवलेल्या बिघाडांच्या स्वतःच्या नोंदी असल्या तर आणाव्यात, हाताने लिहिलेल्या चालतील. हे रजा काढून बुधवारी आले आणि आपल्या सहा वह्यांतली सगळ्यात चांगली निवडून टेबलावर फाइलवर ठेवली.

आता माझं ऐका. गुरुवारी सकाळी गॅसचा लायटर पेटेना. मी सवयीने घरची वही काढली, "लायटर, साडेसात, कारण: जुना" असं लिहिलं, आणि वही ठेवली ती नेमकी ह्यांच्या वहीवर. तेवढ्यात लेकीला डबा हवा होता. ह्यांनी वरची वही उचलली, पिशवीत घातली आणि गेले. दर वायरीच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी बांधणारा माणूस, पण दोन वह्यांना चिठ्ठी लावावी हे अकरा वर्षांत सुचलं नाही.

दहा वाजून चाळीस मिनिटांनी मी टेबल पुसायला गेले. वही उघडली. आत ह्यांचं मुंगीसारखं अक्षर, "मुख्य स्विच बंद, पर्यायी मार्ग चालू." म्हणजे ते आमची घेऊन गेले होते.

आणि आमच्या वहीत काय काय होतं ते मला माहीत होतं. "हे आले. घोरले. तात्पुरता उपाय: मी लेकीच्या खोलीत." "दुरुस्त केलेला नळ पुन्हा गळतोय. कारण: दुरुस्ती." आणि शेवटून दुसऱ्या पानावर, ते पत्र घेऊन परत गेले त्या संध्याकाळी लिहिलेलं: "तीन वर्षांचं पत्र आलं. तात्पुरता उपाय: रडले." ही नोंद मी त्यांना बुधवारी वाचून दाखवली नव्हती. दोन पानं एकदम उलटली होती. आता ती परक्या माणसांसमोर उघडणार होती, आणि माझ्या वेंधळेपणामुळे ह्यांची शेवटची संधी हातची जाणार होती.

फोन लावला, बंद. मुलाखतीला जाताना फोन बंद ठेवणारा हा जगातला शेवटचा माणूस असेल. मी होते तशी निघाले, ओढणीवर हळदीच्या डागासकट. रिक्षावाल्याला म्हटलं, "दादा, उडवा." त्याने उडवली, पण सिग्नल काही उडाले नाहीत.

दारावरच्या पहारेकऱ्याने हात आडवा केला. "भेटीची वेळ घेतलीय का?"

"नवऱ्याला भेटायला अकरा वर्षं वेळ घेतेय," मी म्हटलं. "आज तरी सोडा."

तो बिचारा भांबावला. माझा फोटो काढून छातीवर "पाहुणा" अशी चिठ्ठी चिकटवली आणि आत पाठवलं. स्वागताच्या टेबलावर एक तरुण मुलगी होती. मी वही उंच धरून सगळं एका दमात सांगितलं. तिने आत फोन लावला, हळू आवाजात काहीतरी बोलली, आणि मग माझ्याकडे बघून म्हणाली, "काकू, तुम्हालाच आत बोलावलंय."

अकरा वाजून पंचवीस मिनिटं झाली होती.

खोलीत लांब टेबल होतं. एका बाजूला हे, कान लालभडक. समोर केस बारीक कापलेल्या, पांढरे न लपवलेल्या एक बाई, तिथल्या प्रमुख. त्यांच्या शेजारी दाढीवाला एक तरुण, खालचा ओठ दातांत धरून बसलेला. त्याला हसू दाबायचं होतं हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. टेबलावर आमची वही उघडी.

"तुम्हीच का ह्या?" बाईंनी वहीवर बोट ठेवलं. "किती वाजता कळलं ते मिनिटासकट लिहिणाऱ्या?"

"घरात घड्याळ आहे," मी म्हटलं. घाबरले की मला असंच बोलता येतं.

"'हे आले. घोरले,'" दाढीवाला पुटपुटला आणि खोकल्याचं निमित्त केलं. बाईंनी त्याच्याकडे नुसतं बघितलं.

"मी ह्यांना एक प्रश्न विचारलाय, उत्तर यायचंय," बाई म्हणाल्या. "ह्या एका वहीत एकच कारण सत्तावीस वेळा आलंय. प्रत्येक नोंदीखाली ह्यांची सही आहे. आणि कायमच्या उपायाचा रकाना सत्तावीस वेळा कोरा. माझ्या कंट्रोल रूममध्ये असं झालं असतं तर मी त्या माणसाला उभं केलं असतं. कारण माहीत, नोंद आहे, मग उपाय का केला नाही?"

मला वाटलं, संपलं. सत्तावीस वेळा मीच ते लिहिलं होतं, टोमणा म्हणून. आता तोच टोमणा ह्यांच्या गळ्यात आला होता.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मग वहीकडे. "दोनदा केला होता," ते म्हणाले. "ह्याच शहरात दोन ठिकाणी अर्ज केले. दोघंही नाही म्हणाले. हा तिसरा."

एवढंच. ना गयावया, ना आवाज चढवला. मी ह्या माणसाबरोबर एकोणीस वर्षं संसार केला, त्यातली अकरा फोनवरून, पण त्या क्षणी मला तो जितका आवडला तितका लग्नातही आवडला नव्हता.

बाईंनी वही मिटली. "घरची वही वाचून मी कोणाला कामावर घेत नाही. घोरण्यावरून नाकारतही नाही. कामाची वही आणलीत का?"

मी ती पुढे केली.

"छान. आता तुम्ही बाहेर बसा, पाणी प्या. इथे वेळ लागणार आहे."

मी दोन तास बाहेर बसले. काचेतून दिसत होतं, ऐकू येत नव्हतं. हे फळ्यासमोर उभे राहून चौकोन काढत होते, पुसत होते, पुन्हा काढत होते. अर्ध्या तासाने दाढीवाल्याने हसणं सोडलं आणि कागद ओढून लिहायला लागला. स्वागतावरची मुलगी मला दोनदा पाणी देऊन गेली. तिला बोलायची हौस होती.

"आमच्याकडे तेवीस जागा रिकाम्या आहेत, काकू," ती म्हणाली. "माणसंच मिळत नाहीत."

"एक आत बसलाय," मी म्हटलं. "तो तरी घ्या."

हे दोन्ही वह्या घेऊन बाहेर आले तेव्हा घामाघूम झालेले. "कळवतो म्हणाले," एवढंच बोलले. दोन्ही ठिकाणी आधी असंच म्हणाले होते, हे आम्हा दोघांनाही आठवत होतं.

रिक्षात बसलो. मला राहवेना. "चूक माझी," मी म्हटलं. "वही मी वर ठेवली."

"कारणात माणूस लिहायचा नसतो," ते म्हणाले, रस्त्याकडे बघत. आणि थोड्या वेळाने, "ते पत्राचं पान उघडलं होतं."

"मोठ्याने वाचलं?"

"नाही. त्या बाईंनी मनात वाचलं आणि पान उलटलं. पण मला समोर बसून उलटंही वाचता आलं. तू मला का नाही दाखवलंस?"

"सही काय करणार होतात त्यावर?" मी म्हटलं, आणि मग मला रिक्षातच रडू आलं. त्यांनी आपला रुमाल दिला. चुरगळलेला, पण दिला.

शुक्रवार गेला. फोन वाजला तो दोनदा, एकदा बँकेचा, एकदा चुकीचा नंबर. त्या चुकीच्या नंबरवाल्याला मी जे बोलले ते वहीत लिहिलं नाही. ह्यांनी संध्याकाळी राजीनाम्याचा एक मसुदा लिहिला आणि होकाराचा एक, आणि दोन्ही टेबलावर शेजारी ठेवले. लेक त्या कागदांकडे बघेना, ताट घेऊन दुसऱ्या खोलीत बसली.

शनिवारी दुपारी हे गच्चीवर कपडे वाळत घालत होते. फोन खाली, म्हणून लेकीने उचलला आणि जिन्याच्या पायऱ्या दोन दोन करत वर धावली. मी तिच्या मागे. ह्यांनी खांद्यावर ओली चादर, कानाला फोन, अशा अवस्थेत ऐकलं. "हो," म्हणाले. "हो. हो. पहिल्या तारखेपासून? हो, दिवसपाळी चालेल." मग बराच वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, "आभारी आहे, बाई."

मी उपडी घातलेली बादली दिसली तिच्यावर बसले. लेक बापाला ओल्या चादरीसकट मिठी मारून उड्या मारत होती. मला वाटलं होतं असं काही झालं तर मी ओरडेन, हसेन. तसलं काही झालं नाही. अकरा वर्षं कोणीतरी छातीवर बसलं होतं आणि ते उठून गेलं, एवढंच मला कळत होतं, आणि मी नुसती श्वास घेत बसले. किती बरं वाटतं साधा श्वास घ्यायला!

"काय म्हणाल्या?" मी शेवटी विचारलं.

"परीक्षा पास झालेले खूप मिळतात म्हणाल्या. माझ्या वहीत एक पान आहे ना, मी चुकीची केबल उपटली होती आणि एक अख्खी शाखा एकोणीस मिनिटं बंद पडली होती, ते. त्या दिवशी अर्धा तास त्यावरच विचारत होत्या. म्हणाल्या, स्वतःची चूक एवढी सविस्तर लिहिणारा माणूस त्यांना दोन वर्षं सापडला नव्हता. कंट्रोल रूमची एक पाळी माझ्याकडे देतायत, नव्या मुलांना शिकवायचं."

"आणि आमची वही?"

"तिच्याबद्दल एवढंच म्हणाल्या की आता तो रकाना भरा."

सोमवारी होकाराचा मसुदा लेकीने फाडला. आम्हाला विचारलंही नाही.

पहिल्या तारखेच्या आदल्या दिवशी हे दोन बॅगा आणि पाच खाकी वह्या घेऊन घरी आले. बॅगा उघडायच्या आधी पेन काढलं आणि घरची वही मागितली. कोरे रकाने भरायला बसणार होते. मी पेन काढून घेतलं.

"तुमचाच नियम," मी म्हटलं. "दुरुस्ती झाली म्हणून बिघाड बंद होत नाही. तीस दिवस नजर ठेवायची. मग सही."

त्यांना मान्य करावं लागलं. आणि बरं झालं, कारण ते तीस दिवस काही सोपे नव्हते. महिन्यातून दोन दिवसांचा नवरा आणि रोजचा नवरा ह्यांत फार फरक आहे. त्यांनी माझ्या सगळ्या डब्यांना चिठ्ठ्या लावल्या. चारही बाजूंनी. सकाळी लेकीशी स्नानघरावरून भांडण, संध्याकाळी टीव्हीवरून. नळाला मी त्यांना हात लावू दिला नाही. पण रोज साडेसहाला जिन्यात बूट वाजायचे, आणि लेक अभ्यास सोडून न उठता तिथूनच ओरडायची, "बाबा, आलात?" आणि उत्तर यायचं. रोज यायचं. मी ओट्याजवळ उभी राहून ते उत्तर ऐकायची आणि मगच पुढचं काम करायची.

एकतिसाव्या दिवशी रविवार होता. सकाळी आम्ही दोघं वही घेऊन बसलो. एकेक पान उलटत त्यांनी सत्तावीस रकाने भरले आणि मी सत्तावीस सह्या केल्या. सायकलच्या पानापाशी ते थांबले, किती वेळ त्या मनगटाबद्दल विचारत राहिले, कुठल्या हाताचं, रडली का, दवाखान्यात कोण होतं. मी सगळं सांगितलं. नाटकाचंही सांगितलं, टाळ्या उशिरा ऐकू आल्यावर लेक कशी पुन्हा वाकून नमस्कार करायला गेली होती ते. ते इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसले. मग नुसतेच पुसत राहिले.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून वास आला. धावले तोवर दूध उतू जाऊन ओट्यावरून खाली गळत होतं, पातेल्याचा तळ काळाकुट्ट. लेक उठून आली आणि दोघांना ओरडली.

ओटा पुसून झाल्यावर मी वही ओढली, कारण नोंद ती नोंद. तारीख लिहिली. काय झालं: दूध उतू गेलं. किती वाजता कळलं: नऊ वाजून पाच मिनिटं. कारण: घरी माणूस आहे. तात्पुरता उपाय: बिनदुधाचा चहा.

हे खांद्यावरून वाकून वाचत होते. "आणि कायमचा?" त्यांनी विचारलं.

मी लिहिलं, "नको." त्यांनी सही केली.